आमिषासाठी घरी गांडुळं: लाल की आफ्रिकन?

गळासाठी घरीच गांडुळं वाढवायची असं ठरलं की टब, ओलावा, खाणं या गोष्टी कुणीही सांगतो. अडतं ते पुढच्या प्रश्नावर: पाळायचं कोणतं? घरच्या पेटीत राहून खरोखर वंश वाढवतील अशा जाती मोजक्याच आहेत, आणि उबदार किंवा मध्यम हवेत राहणाऱ्या बहुतेकांसमोर शेवटी दोनच उरतात. एक लाल गांडूळ, म्हणजे आयसेनिया फेटिडा. दुसरं आफ्रिकन, म्हणजे युड्रिलस युजेनी. मी दोन्ही बराच काळ शेजारी शेजारी ठेवली, दोन्ही गळाला लावली, आणि आता माझ्याकडे एकच उरलं आहे. कोणतं ते ओघात येईलच. पण तुमची जागा, हवा आणि तुम्ही ज्याच्या मागे आहात तो मासा वेगळा असेल तर निकाल उलटाही लागू शकतो, म्हणून दुसऱ्याची बाजूही नीट मांडतो.

आधी जी बाजूला ठेवायची ती ठेवू. बागेत खणताना सापडणारं गांडूळ गळाला उत्तम चालतं, पण त्यातली बहुतेक मातीखाऊ असतात. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याच्या उथळ पेटीत ती तग धरत नाहीत. युरोप-अमेरिकेत आमिष म्हणून सर्वांत जास्त नाव असलेलं जाडजूड नाइटक्रॉलर, लम्ब्रिकस टेरेस्ट्रिस, हेही घरी पैदास करण्याजोगं नाही. ते जमिनीत खोल उभं बीळ करून राहतं, त्याला गारवा लागतो आणि वयात यायलाच फार वेळ लागतो. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात आजही ती रात्री शेतांत वाकून हाताने वेचतात, ते काही उगाच नाही. पेटीत ती विकत आणून साठवता येतात, वाढवता येत नाहीत. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी मात्र डेन्ड्रोबिनाचा, म्हणजे युरोपियन नाइटक्रॉलरचा, विचार जरूर करावा. पंधरा-वीस अंशांत ते सुखाने राहतं, लालपेक्षा जाड असतं, फक्त वाढ संथ. माझा त्याच्याशी फारसा संबंध आलेला नाही, त्यामुळे इथे थांबतो.

पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटसचा उल्लेख करायलाच हवा, कारण तुम्ही मागवलं नाही तरी ते येतं. बारीक, जांभळट, उजेडात निळसर चमक मारणारं, बोट लावलं की उसळ्या घेणारं हे गांडूळ विकत घेतलेल्या लॉटमध्ये बरेचदा मिसळलेलं असतं. गळावर ओवायला ते फार बारीक आणि हातात ठरत नाही. तेव्हा विकत घेताना मूठभर गांडुळं ताटलीत पसरून पाहा. लालच्या अंगावर तांबूस कड्यांच्या मधे फिकट पिवळसर पट्टे दिसतात, शेपटीचं टोक पिवळट असतं. वयात आलेल्या गांडुळाच्या अंगावर पुढच्या भागात एकच रुंद पट्टा येतो, लालचा तो पट्टा फुगीर असतो. आयसेनिया आंद्रेई ही जवळची जात सबंध तांबडी दिसते, ती आली तरी बिघडत नाही, वागायला दोन्ही सारखीच. आफ्रिकन गांडूळ तपकिरी-जांभळं, अंग सलग गुळगुळीत, आणि त्याचा पट्टा अंगाबरोबर सपाट असल्यामुळे उठून दिसत नाही. विकणाऱ्याने काय नाव सांगितलं यापेक्षा ताटलीत काय दिसतं यावर भिस्त ठेवा.

आता गळाची बाजू. इथे आफ्रिकन उजवं आहे, आणि ते मोकळेपणाने कबूल केलं पाहिजे. पूर्ण वाढलेलं लाल गांडूळ ५ ते १० सेंटिमीटर लांब आणि साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतं. आफ्रिकन नीट पोसलं तर १५-२० सेंटिमीटरपर्यंत सहज जातं आणि वजनात लालच्या चार-पाचपट असतं. मोठ्या गळावर ते एकटं पुरतं. गळ शरीरातून दोन-तीनदा ओवून घेता येतो आणि मागे शेपटी हलायला मोकळी राहते. कॅटफिश किंवा मोठा कार्प यांच्यासाठी तळाशी आमिष बसवून वाट पाहायची असेल, तर ते मांस, तो ऐवज कामाला येतो. शिवाय बारके मासे टोचून टोचून आमिष खुडून नेतात, त्यांना आफ्रिकन संपवायला वेळ लागतो. लाल गांडूळ अशा ठिकाणी दोन-तीन मिळून झुपका करून लावावं लागतं, आणि थंडगार पहाटे ओल्या बोटांनी झुपका ओवणं हे जिकिरीचं काम आहे.

लालची जमेची बाजू वेगळी आहे. ते पाण्यात जास्त वेळ जिवंत राहतं आणि जास्त वेळ वळवळतं. पाणी गार असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. आफ्रिकन गार पाण्यात लवकर मंदावतं, सैल पडतं, आणि मग गळावर नुसतं लोंबकळत राहतं. लाल तेवढ्याच वेळानंतर वर काढलं तरी टोकाशी आकडा करत असतं. बारीक गळ आणि फ्लोट लावून तिलापिया, पर्च असे मध्यम मासे धरणाऱ्याला आकारापेक्षा ही हालचाल महत्त्वाची वाटेल. हे मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, दोन काठ्यांवर दोन जाती लावून बसल्यावर जे जाणवलं ते सांगतोय.

लालविरुद्धची एक तक्रार तुम्ही ऐकली असेल, तीही घेऊ. गळ टोचला की त्याच्या अंगातून पिवळा, उग्र वासाचा द्रव सुटतो. हा त्याचा बचाव आहे. त्या द्रवात लायसेनिन नावाचं प्रथिन असतं, जे कणाधारी प्राण्यांच्या पेशींना मानवत नाही. म्हणून काही मासेमार ठामपणे म्हणतात की मासा लालला तोंड लावून सोडून देतो. माझ्या पाण्यात मला तसं दिसलं नाही. नितळ, गार पाण्यातला चोखंदळ मासा धरणाऱ्यांनी ही शंका मनात ठेवावी, तिला अजिबात आधार नाही असं मी म्हणणार नाही. मी एवढंच करतो की निघण्याच्या एक-दोन दिवस आधी हवी तेवढी गांडुळं काढून स्वच्छ ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) किंवा शेवाळात ठेवतो, खायला काही देत नाही. पोट रिकामं होतं, कातडी घट्ट होते, अंगाला तकाकी येते. अशी गांडुळं गळावर कमी फुटतात आणि वासही कमी मारतात. हा उपाय दोन्ही जातींना लागू आहे, आफ्रिकनला तर जास्तच, कारण भरल्या पोटी ते ओवताना फाटतं.

वाढीच्या वेगात दोघांत फार अंतर नाही. आफ्रिकनचा कोष, म्हणजे अंड्यांची कुपी, दोन-तीन आठवड्यांत फुटतो, पिल्लू दीड-दोन महिन्यांत वयात येतं. लालला दोन्ही टप्प्यांवर थोडा जास्त वेळ लागतो, पण त्याच्या एका कोषातून बरेचदा तीन-चार पिल्लं निघतात. लिंबाच्या आकाराचे ते इवलेसे पिवळट कोष ताज्या खताच्या चिमटीत दिसू लागले की पेटी बसली असं समजावं. वजनाच्या हिशेबाने आफ्रिकन पुढे आहे, संख्येच्या हिशेबाने लाल. आणि आमिषाचा हिशेब संख्येचाच असतो, निदान माझा तरी.

आता त्या गोष्टीकडे येतो जिने माझ्यापुरता निकाल लावला.

आफ्रिकन गांडूळ पेटी सोडून जातं. हे वाक्य तुम्ही इतरत्र वाचलं असेल आणि पुढे लगेच आश्वासनही वाचलं असेल, की ओलावा बरोबर ठेवा, खाणं बरोबर ठेवा, मग ती जात नाहीत. हे आश्वासन खोटं नाही. पण ते खत करणाऱ्यासाठी लिहिलेलं आहे. खत करणारा माणूस बेड भरतो, वर गोणपाट टाकतो, पाणी शिंपडतो आणि दीड-दोन महिने आत हात घालत नाही. त्या निवांतपणात आफ्रिकनही निवांत राहतं. आपलं तसं नाही. आपण दर खेपेला मासेमारीला निघण्याआधी पेटी उघडणार, वरचा थर उचकटणार, तळापर्यंत बोटं घालून मोठी मोठी निवडणार, उरलेलं परत सारखं करून झाकणार. जमलं तर त्याच वेळी थोडं नवं बेडिंग, म्हणजे गांडुळं ज्यात राहतात ते ओलं भरण, तेही घालणार. आफ्रिकनच्या लेखी ही प्रत्येक वेळी नवी जागा असते. आणि नव्या जागेतली पहिली रात्र ते बाहेरची वाट शोधण्यात घालवतं.

सकाळी टबाच्या आतल्या बाजूला ओलसर चकचकीत रेघा दिसतात, त्यांना खताचे काळे कण चिकटलेले. रेघ काठापर्यंत चढते, झाकणाच्या कडेखाली वळते आणि बाहेरून खाली उतरते. त्याच्यापुढे जमिनीवर गांडूळ सापडतं ते धुळीने माखलेलं, अर्धं सुकलेलं, चामड्याच्या वादीसारखं ताठ. गांडूळ कातडीतून श्वास घेतं, कातडी सुकली की संपलं. काही भिंतीच्या कोपऱ्यात, काही पायपुसण्याखाली. एकदोन असती तर विषय नव्हता. हवा दमट असेल, वादळी पाऊस येणार असेल, तर एका रात्रीत पेटीचा वरचा थर रिकामा होतो.

आणि जातात कोण? माझ्या पाहण्यात तरी मोठीच जातात. पिल्लं आणि अर्धवट वाढलेली खाली राहतात. पूर्ण वाढलेली, गळाला लावण्याजोगी, कोष घालू लागलेली, तीच भिंत चढतात. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच सकाळी फरशीवर, आणि पुढच्या पिढीचे आईबापही तेच. आपण निवडून काढलेली आणि रात्री निघून गेलेली अशी दोन्हीकडून मोठ्यांची घट होत राहते. पेटी मरत नाही, पण कायम लहान मुलांची शाळा बनून राहते. ज्या आठवड्यात सलग दोनदा बाहेर पडायचं असतं त्या आठवड्यात हे फार जाणवतं: पहिल्या खेपेला हवी तेवढी मिळतात, दुसऱ्या खेपेला पेटी उपसूनही डबा भरत नाही.

उपाय आहेत आणि मी ते मनापासून केले. सर्वांत चांगला उपाय उजेडाचा. गांडुळाला पांढरा उजेड सोसत नाही, म्हणून पेटी हलवल्यानंतर पहिल्या दोन-तीन रात्री वर दिवा जळत ठेवला की ती खालीच राहतात. हे काम करतं. पण दिवा प्रत्येक वेळी लावायचा, म्हणजे प्रत्येक मासेमारीनंतर लावायचा, आणि ज्या रात्री वीज गेली किंवा घरी कुणी सवयीने बटण बंद केलं त्या रात्री सगळं मुसळ केरात. दुसरा उपाय बारीक जाळीचं घट्ट झाकण. तेही चालतं, मात्र गांडुळं जाळीच्या खालच्या बाजूला गोळा होऊन तिथेच लटकतात, काही जाळी आणि काठ यांच्या फटीत अडकून चिरडली जातात, आणि झाकण पूर्ण बंद केलं तर आत वाफ धरून आंबूस वास सुटतो. तिसरा उपाय काठाची आतली चार बोटं कोरडी ठेवण्याचा. ज्या पेटीत सत्तर-ऐंशी टक्के ओलावा राखायचा आहे तिचा काठ कोरडा राहत नाही. चौथा उपाय दोन पेट्या करण्याचा: एक पैदाशीची, तिला हात लावायचा नाही, आणि दुसरी वापरायची. हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग आहे आणि आफ्रिकनच ठेवायचं असेल तर मी हाच सुचवेन. पण वापरायच्या पेटीचं दुखणं त्याने जात नाही, ते फक्त वेगळं काढून ठेवलं जातं.

लाल गांडूळ कधीच बाहेर पडत नाही असं नाही. पेटी आंबली, तापली, पाण्याने थबथबली की तेही भिंतीवर चढतं. पण त्याला कारण लागतं. उचकटलं, निवडलं, परत झाकलं, एवढ्याने ते घर सोडत नाही. तासाभरात खाली उतरतं आणि दुसऱ्या दिवशी खाण्याच्या ढिगाखाली पुन्हा गोळा झालेलं दिसतं. मला वाटतं, आमिषासाठी पाळण्याच्या गांडुळाचा पहिला गुण हाच असावा: वरचेवर हात घातलेला सोसणं. लांबी, जाडी, वळवळ हे सगळं त्यानंतर.

या गोळा होण्याचा आणखी एक फायदा आहे. लाल गांडुळं वरच्या थरात, खाण्याच्या आसपास दाटीने राहतात. संध्याकाळी एका कोपऱ्यात फळांच्या सालींचा ढीग ठेवा, वर ओला पुठ्ठा अंथरा. सकाळी पुठ्ठा उचलला की खाली नुसता गुंता असतो, चमच्याने उचलावा इतका. बाकी पेटीला बोटही लावावं लागत नाही. आफ्रिकन जास्त पसरून आणि जास्त खोल राहतं, त्यामुळे त्याला शोधावं लागतं, शोधलं की पेटी ढवळली जाते, ढवळली की रात्री पुन्हा तीच कथा. दोन गोष्टी अशा एकमेकींत अडकलेल्या आहेत. आफ्रिकन काढायचंच झालं तर रात्री तांबड्या उजेडाच्या टॉर्चने काढा. तांबडा उजेड गांडुळांना जवळजवळ जाणवत नाही, आणि त्या वेळी मोठी वर आलेली असतात. ती हलक्या हाताने टिपता येतात.

तपमानाचा मुद्दा काहींच्या बाबतीत यापेक्षाही वरचढ ठरेल. आफ्रिकन उष्ण प्रदेशातलं आहे. २४ ते ३० अंशांत ते खुशीत असतं, दहा-बारा अंशांच्या खाली गेलं की मरू लागतं. लालला १५ ते २५ आवडतं, पण गोठणबिंदूच्या जवळपासही ते सुस्त होऊन जगतं, आणि वरच्या बाजूला पेटी सावलीत आणि ओली असेल तर तिशीच्या पुढेही काही काळ काढतं. पस्तिशीच्या घरात मात्र दोघांचंही खरं नाही. याचा आमिषाशी थेट संबंध येतो तो डब्यात. उन्हाच्या दिवशी काठावर डबा नेताना तो बर्फाच्या पेटीत ठेवणं ही सगळ्यांची सवय. त्यात लाल दिवसभर ठीक राहतं, फक्त आळसावतं, आणि तळहातावर घेतलं की परत हलू लागतं. आफ्रिकन त्याच पेटीत दुपारपर्यंत मऊ पडून वास मारू लागतं. उरलेली गांडुळं पुढच्या खेपेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचा विचारही आफ्रिकनच्या बाबतीत करू नये. ज्यांच्याकडे हिवाळा कडक असतो त्यांच्यासाठी तर प्रश्नच मिटला: आफ्रिकनला वर्षभर उबदार खोली लागेल. उलट जिथे बारा महिने उकाडा असतो तिथे लालला जपावं लागतं आणि आफ्रिकन आपोआप फळतं. तिथल्या माणसाने माझं म्हणणं थोडं सैल करून घ्यावं.

लाल बारीक आहे हा आक्षेप मात्र पूर्ण खरा नाही, आणि बरेच जण तिथेच त्याला सोडून देतात म्हणून थोडं सविस्तर सांगतो. गर्दीच्या पेटीत कुठलंही गांडूळ खुरटं राहतं. लालची पैदास जोरात असल्यामुळे त्याच्या पेटीत गर्दी लवकर होते, आणि आपण बघतो ती नेहमी दाटीवाटीत वाढलेली गांडुळं. पट्टा आलेली, म्हणजे वयात आलेली, पन्नास-शंभर गांडुळं वेगळ्या टबात, सैल ओल्या कोकोपीटमध्ये किंवा बारीक फाडलेल्या पुठ्ठ्यात टाका. वरून गव्हाचा कोंडा आणि मक्याचं पीठ यांची चिमूट-चिमूट भुकटी टाकत जा, आधीची संपल्याशिवाय पुढची नाही. दोन-तीन आठवड्यांत ती दिसण्याजोगी जाड होतात. आफ्रिकनएवढी होत नाहीत, पण मध्यम गळावर एक पुरेल इतकी होतात.

इथे हात आखडता ठेवायला हवा. पीठ जास्त झालं तर ते आंबतं, तापतं, आणि गांडुळांना एक विकार होतो: अंगावर ठिकठिकाणी गाठी येतात, मधेमधे अंग आवळलं जातं, मण्यांची माळ ओवल्यासारखं दिसतं, आणि ती वर येऊन तडफडत मरतात. पिठाबरोबर अंड्याच्या कवचाची बारीक पूड घालत राहिलं तर आंबटपणा आटोक्यात राहतो. असं एक जरी गांडूळ दिसलं तर पिठाचा थर लगेच खरवडून काढा, कवचाची पूड शिंपडा, टब उघडा ठेवून वारा लागू द्या आणि काही दिवस नुसत्या ओल्या पुठ्ठ्यावर ठेवा. आफ्रिकनलाही याच पद्धतीने पोसता येतं, पण पोसायच्या टबात हलवणं म्हणजे पुन्हा नवी जागा, आणि नवी जागा म्हणजे पुन्हा रात्रीचा दिवा.

काठावर उरलेल्या गांडुळांबद्दल एक गोष्ट, जी दोन्ही जातींना लागू आहे आणि जिच्याबद्दल मला मनापासून बोलावंसं वाटतं. डब्यात उरलेली गांडुळं पाण्याकाठच्या मातीत ओतून येऊ नका. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सच्या परिसरात हिमयुगातल्या बर्फाच्या थरांखाली मूळची गांडुळंच उरली नव्हती. तिथली जंगलं हजारो वर्षं गांडुळांशिवाय वाढली, जमिनीवरच्या पाचोळ्याच्या जाड थरावर. नंतर बाहेरून आलेल्या गांडुळांनी तो थर खाऊन संपवला, आणि त्यांच्या प्रसाराचा एक मार्ग मासेमारांनी काठावर टाकलेलं आमिष हा होता. तुमच्या भागात असं होईलच असं नाही. पण जे गांडूळ मुळात तिथलं नाही ते परत घरी आणून पेटीत सोडायला कष्ट पडत नाहीत. या एका बाबतीत आफ्रिकन थोडं निर्धोक आहे, निदान जिथे थंडी पडते तिथे, कारण उघड्यावर ते हिवाळा काढत नाही.

दोन्ही जाती एकाच पेटीत ठेवून दोघांचे फायदे मिळवावेत असं मनात येईल. चार महिन्यांनी त्या पेटीत एकच जात उरलेली दिसेल. कोणती, ते तुमच्या हवेवर अवलंबून.

मग कुणी काय घ्यावं? ज्याच्याकडे पेटी ठेवायला घराबाहेरची सावलीची जागा आहे, हवा वर्षभर उबदार आहे, जो मोठ्या माशाच्या मागे आहे आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळीच गळ टाकतो, त्याने आफ्रिकन घ्यावं. त्याची पेटी खत करणाऱ्याच्या पेटीसारखीच निवांत राहील आणि गांडुळं त्याला निराश करणार नाहीत. शिवाय खत भरपूर आणि दाणेदार मिळेल, झाडं असतील तर तो वेगळाच लाभ. मला मोठ्या कॅटफिशसाठी बसायचं असतं तेव्हा अजूनही त्या लठ्ठ जांभळ्या गांडुळाची आठवण येते, हे खोटं कशाला सांगू.

पण जो वरचेवर जातो, ज्याची पेटी घरात, गॅलरीत किंवा माणसांच्या पायाखालच्या जागेत आहे, ज्याच्या घरच्यांनी हे पाळणं नुकतंच कसंबसं मान्य केलं आहे, त्याला मी लालच सांगेन. दोन-तीन लाल एकत्र ओवण्याचा त्रास काठावर मिनिटभराचा असतो. सकाळी घरातल्या फरशीवरून सुकलेली गांडुळं उचलण्याचा त्रास मिनिटात संपत नाही, कारण त्याबरोबर पेटीबद्दलचा घरच्यांचा विश्वासही उचलावा लागतो.

लाल घ्यायचं ठरलं तर सुरुवात पाव किंवा अर्धा किलोने करा. फूटभर खोल, पसरट टब पुरे, तळाला आणि बाजूंना छिद्रं. बेडिंग मुठीत दाबलं तर थेंब-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. भरल्यावर आठ-दहा दिवस फक्त ओलावा पाहा, खाणं अगदी थोडं. पहिले तीन महिने त्यातलं एकही गांडूळ गळाला लावू नका, तेवढ्या काळापुरतं आमिष बाहेरून आणा. कोष फुटून आलेली पिल्लं पट्टा धरू लागली की मग पुठ्ठ्याखालून हवी तेवढी उचलायला सुरुवात करा, आणि दर खेपेला पट्टा आलेली निम्मी तरी मागे ठेवा.